मिशी, मिनीस्कर्ट आणि आमची भिशी

ऐकलंत का? तुमच्या कानावर अजून आलं नसेल तर नवलच, कारण आमच्या भिशीतल्या बायकांनी एकमेकींना शपथ घातलीय की हे बाहेर कुठे बोलायचं नाही. म्हणजे एव्हाना बारामतीच्या भिगवण चौकापासून इंदापूरच्या स्टँडपर्यंत बातमी पोचलेली असणारच. अर्धवट काही पसरू नये एवढ्यासाठीच मी आपली सविस्तर सांगतेय. नाहीतर कुणाबद्दल वाईट बोलणं माझ्या स्वभावात नाही.

तर, बारामतीतली एक भिशी. दहा-बारा बायका, सगळ्या चांगल्या घरातल्या. वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळणाऱ्या, तुकोबांची पालखी मुक्कामाला आली की पहाटेपासून पोळ्या लाटणाऱ्या. दोघी-तिघींना सासूपण आलेलं, एकीच्या घरी नातवाचं बारसं नुकतंच झालेलं. अशा या बायकांच्या भिशीत हल्ली चिठ्ठी निघाली आणि साबुदाणावडे संपले की पडदे ओढून घेतले जातात. हो, पडदे! मग यजमानीणबाईंचा इंजिनिअरिंगला असलेला भाचा लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडून देतो आणि स्वतः गच्चीवर पळून जातो. त्यानंतर तास-दीड तास आतून जे आवाज येतात, ते ऐकून खालच्या मजल्यावरच्या काकांनी एकदा विचारलं, "काय, भजनी मंडळ काढलंय का?"

भजनी मंडळ! आत काय चाललेलं असतं ते काकांना कळलं तर बीपीच्या गोळीचा डोस वाढवावा लागेल.

आत चाललेलं असतं 'क्वीन'. विलायतेतला रॉक बँड. त्यांनी दहा वर्षांत काढलेल्या गाण्यांचे व्हिडिओ ऑक्टोबर १९९१मध्ये एका कॅसेटवर एकत्र आणले, त्या संग्रहाचं नाव 'ग्रेटेस्ट फ्लिक्स टू'. त्याआधीच्या व्हिडिओंचा पहिला भाग १९८१मध्ये निघाला होता. म्हणजे ही दुसरी कॅसेट बरोबर त्या दशकाची, ज्या दशकात आपण गणपतीत भाड्याचा व्हीसीआर आणून, गल्लीत सतरंजी टाकून, रात्रभर तीन पिक्चर बघत होतो आणि पहाटे कॅसेट अडकली की आतली फीत पेन्सिलीने फिरवत होतो. आपल्याकडे 'व्हिडिओ' म्हणजे पिक्चर. गाण्याचा वेगळा व्हिडिओ काढायचा, त्यात गाणाऱ्यानेच नट व्हायचं आणि लाजलज्जा गुंडाळून ठेवायची, ही थेरं तेव्हा तिकडे सुरू झालेली होती. अमेरिकेत एमटीव्ही नावाचं चॅनेल १ ऑगस्ट १९८१ला सुरू झालं आणि त्या दिवसापासून जगाचं वळण बिघडलं, असं आमच्यातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका म्हणतात. म्हणतात आणि पुढच्या रांगेतली खुर्ची धरतात.

आता चौकशी आलीच. चौघा बाप्यांकडे इतकं टक लावून बघायचं तर ती कुणाची कोण, काय शिकलेली, हे विचारायला नको? स्थळ बघावं तशी आम्ही एकेकाची माहिती काढली. गिटारवाला ब्रायन मे. केस असे की कंगवा आत गेला तर पोलिसांत तक्रार द्यावी लागेल. पण शिक्षण बघा, खगोलशास्त्र! बँडपायी पीएच.डी. अर्धवट सोडली आणि २००७मध्ये, साठीला टेकल्यावर पूर्ण केली. ती गिटारसुद्धा बापलेकांनी घरी बनवलेली, शेकोटीच्या जुन्या चौकटीच्या लाकडातून. स्थळ उत्तम, केस सोडून. ड्रमवाला रॉजर टेलर दंतवैद्यकी शिकायला लंडनला आला आणि दाताचा डॉक्टर होता होता राहिला. दिसायला देखणा, म्हणून आमच्या सरपंचबाईंनी त्याच्याविषयी बोलायचंच टाळलं, यावरून काय ते समजा. जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर, गरीब गाय, कुठल्याही व्हिडिओत कोपऱ्यात उभा. असा जावई मिळायला पुण्य लागतं.

आणि चौथा, मिशीवाला. फ्रेडी मर्क्युरी. हा सगळ्या अनर्थाचं मूळ.

याची चौकशी केली आणि भिशीत भूकंप झाला. हा आपल्याच इकडचा निघाला हो! नाव फरोख बुलसारा. पारशी घरातलं लेकरू, ५ सप्टेंबर १९४६चा जन्म, झांझिबारचा. आईबापांनी आठव्या वर्षी उचलून शिकायला कुठे पाठवलं म्हणता? पाचगणीला. सेंट पीटर्स स्कूल. जिथे आपण मुलांना स्ट्रॉबेरी खायला आणि टेबललँडवर घोड्यावर बसवायला नेतो, त्या पाचगणीला हा बोर्डिंगात राहिला, पियानो शिकला, टेबलटेनिस खेळला, 'फ्रेडी' हे नाव तिथेच मिळवून बसला आणि १९५८च्या सुमारास, बारा वर्षांचा असताना, शाळेतल्या मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे, म्हणून पुढचे दात बाहेर. त्यावरून पोरं चिडवायची. पुढे बँडमध्ये अर्धामुर्धा डेंटिस्ट येऊनही याने ते दात नीट करून घेतले नाहीत, आवाज बदलेल या भीतीने. आमच्या वहिनींचं म्हणणं, "बारामतीहून फलटण, लोणंद, वाई धरून पाचगणी, अडीच-तीन तासांचा रस्ता. एवढ्या जवळ ही भानगड शिजत होती आणि आपल्या सासरच्यांपैकी कुणाला पत्ता नाही!" १९६३मध्ये तो झांझिबारला परत गेला, १९६४मध्ये तिथल्या क्रांतीनंतर सगळं कुटुंब इंग्लंडला. पुढचं जगाला माहीत आहे. आम्हाला मात्र आता आता कळलं, म्हणून राग जरा जास्त.

मुद्द्यावर येते. तो व्हिडिओ.

१९८४ साल. गाणं 'आय वाँट टू ब्रेक फ्री'. लिहिलंय कुणी? त्या गरीब गाय डीकनने. म्हटलं ना, शांत माणसांवर विश्वास ठेवू नये. पडद्यावर सकाळ होते, विलायतेतलं मध्यमवर्गीय घर, स्वयंपाकघर, जिना. आणि जिन्याच्या पायथ्याशी कोण? काळा चामडी मिनीस्कर्ट, गुलाबी बिनबाह्यांचा ब्लाउज, कानांत मोठ्ठे झुमके, डोक्यावर टोप, ओठांवर लिपस्टिक आणि त्या लिपस्टिकच्या वर ही एवढी भरघोस मिशी. हातात व्हॅक्यूम क्लीनर. मागे तो खगोलशास्त्रज्ञ गाऊनमध्ये, केसांना रोलर लावून. ड्रमवाला शाळकरी पोरीच्या गणवेशात भांडी विसळतोय, आणि तो इतका शोभून दिसतोय की दोघी-तिघींना आपल्या भाच्यांची आठवण झाली. जॉन डीकन डोक्यावर टोपी घालून खाष्ट आजी झालाय. ही सगळी टवाळी म्हणे 'कोरोनेशन स्ट्रीट' नावाच्या तिकडच्या कौटुंबिक मालिकेची, जी १९६०पासून चालू आहे आणि संपायचं नाव घेत नाही. मालिकेची टिंगल! आम्ही संध्याकाळी सातपासून ज्या श्रद्धेने मालिका बघतो, ती श्रद्धा यांच्या देशात नाही.

भिशीत पहिल्यांदा हा व्हिडिओ लागला तेव्हा "शी!" असा एक सामुदायिक उद्गार निघाला. मग "बाई बाई बाई!" मग पदर तोंडाला. मग पदराआडून हसणं. आणि व्हिडिओ संपल्यावर मुख्याध्यापिका गंभीरपणे म्हणाल्या, "नीटसं कळलं नाही. पुन्हा लावा."

तेव्हापासून तो पुन्हा लागतोय.

बातमी फुटली तशी पुरुषमंडळींत खळबळ उडाली. एका काकांनी संस्कृती काढली. काका म्हणाले, पुरुषाने बाईचे कपडे घालणं आपल्यात बसत नाही. हे काका कोण? दर रविवारी टीव्हीवर 'अशी ही बनवाबनवी' लागला की जेवणाचं ताट घेऊन कोचावर बसणारे. तो पिक्चर १९८८चा, क्वीनच्या व्हिडिओनंतर चार वर्षांनी आलेला. त्यात सचिनची सुधा आणि लक्ष्मीकांत बेर्डेची पार्वती साडीचोळीत घरमालकिणीच्या घरी राहतात, तेव्हा काकांना संस्कृती आठवत नाही. संवाद पाठ असतात. मी काकांना अदबीनेच विचारलं, "आणि बालगंधर्व?" नारायणराव राजहंस शालू नेसून रंगभूमीवर उभे राहिले की प्रेक्षागृहातल्या बायका त्यांचा अंबाडा, त्यांचं नेसणं टिपून घ्यायच्या आणि घरी जाऊन तसं करून बघायच्या. पुण्यातलं एक अख्खं नाट्यगृह त्यांच्या नावाचं आहे. तमाशातला नाच्या आहे, गणपत पाटलांचं सगळं आयुष्य त्या भूमिकेत गेलं. 'नटरंग'मधला पैलवान गडी नाच्या होतो तेव्हा २०१०मध्ये याच काकांनी रुमालाने डोळे पुसले होते. शिवाय 'कारखान्याच्या कामाला' म्हणून निघून कोण कोण चौफुल्याला उतरतं, ते बोलायला लावू नका. माझ्या स्वभावात नाही.

काका म्हणाले, "पण त्यांना मिशी नव्हती."

हा मुद्दा मात्र बरोबर निघाला. गंधर्वांच्या ओठावर मिशी नव्हती, पार्वतीलाही नव्हती. म्हणजे आपल्याकडे सोंग घेतलं तर पुरं घ्यायचं, असा दंडक. या पठ्ठ्याने मिशी ठेवली आणि स्कर्ट घातला, तिथे सगळी गडबड झाली. बरं, त्याला मिशी काढताच येत नव्हती असंही नाही. याच व्हिडिओच्या मधल्या भागात तो रॉयल बॅले या नामांकित संस्थेच्या नर्तकांबरोबर नाचलाय, निजिन्स्की या नर्तकासारखा वेष करून, आणि त्यासाठी त्याने मिशी भादरली. नाचासाठी काढली, झाडण्यासाठी ठेवली! इंग्लंडात लोक पोट धरून हसले. त्यांच्याकडे पुरुषाने आजीबाई होऊन रंगमंचावर येणं नवीन नाही. अमेरिकेत मात्र एमटीव्हीने नाक मुरडलं आणि तिथे हे गाणं पडलं ते पडलंच. बँडची अमेरिकेतली पत त्या स्कर्टने घालवली, असं ब्रायन मे पुढे सांगत राहिला. म्हणजे बघा, सोवळं कुणाचं कडक? आम्ही निदान पुन्हा लावा म्हणालो.

एवढ्यावर थांबलं असतं तर भिशी पूर्ववत झाली असती. पण चटक लागली ती लागलीच. बाकीच्या दहा वर्षांचा पंचनामा करायला नको?

'इट्स अ हार्ड लाइफ', तेही १९८४चंच. यात महाशय लाल घट्ट कपड्यांत येतात आणि कपड्यावर जागोजागी डोळे. डोळ्यांची नक्षी नाही हो, मोठाले डोळे चिकटवलेले. दरबार भरलेला, पिसं, जरतार, मुखवटे. बँडमधल्या बाकीच्यांनाही तो अवतार सहन झाला नाही. ड्रमवाल्याला हा व्हिडिओ मुळीच आवडत नसे. आमच्यात मात्र यावर दोन तट पडले. एकीचं मत, शिंप्याने डोकं लावलंय. दुसरीचं मत, अंगभर डोळे शिवल्यावर नजर लागणार कुणाची!

मग 'रेडिओ गा गा'. हे बघताना मुख्याध्यापिकांनी सगळ्यांना गप्प केलं. कारण हे गाणं म्हणजे चक्क आमच्या पिढीची तक्रार. व्हिडिओच्या नादात लोक रेडिओला विसरले, असं रडगाणं. आणि ते लोकांपर्यंत पोचवलं कशातून, तर व्हिडिओतून! ड्रमवाल्याचं लहान पोर रेडिओवरचं गाणं ऐकून काहीतरी शी-शू बडबडलं, त्यावरून याला गाणं सुचलं. व्हिडिओत 'मेट्रोपोलिस' या १९२७च्या जर्मन मूकपटातली दृश्यं घातलीत आणि जर्मन सरकारला त्याचे रीतसर पैसे मोजलेत. आपल्याकडच्या लग्नाच्या शूटिंगवाल्याने कुठल्या पिक्चरची ट्यून वापरताना कुणाला विचारलंय? बँडच्या फॅन क्लबातले पाचशेएक लोक पांढऱ्या कपड्यांत रांगेने उभे आणि ठरल्या ठोक्याला सगळ्यांचे हात एकदम डोक्यावर. १३ जुलै १९८५ला वेम्बलीच्या मैदानावर 'लाइव्ह एड'मध्ये हे गाणं झालं तेव्हा बहात्तर हजार माणसांनी तसेच हात वर केले, कुणी न शिकवता. सगळं जग थक्क झालं म्हणे. आमच्या इंदापूरच्या नणंदबाई थक्क बिक्क झाल्या नाहीत. त्या बेलवाडीच्या रिंगणाला दरवर्षी उभ्या असतात. "टाळ एका ठोक्यात वाजायला लाखाची गर्दी लागली तर सांगा," म्हणाल्या, "बहात्तर हजारांत काय!" असं म्हणाल्या खऱ्या, पण पुढच्या वेळी गाणं लागलं तेव्हा हात वर नेणाऱ्या पहिल्या त्याच. बांगड्यांचा खळखळाट झाला, आणि खालच्या काकांनी भजनी मंडळाविषयी विचारलं ते तेव्हाच.

१९८९चं 'ब्रेकथ्रू' तर आगगाडीवर. पीटरबरोजवळच्या जुन्या गाड्या जपणाऱ्या रेल्वेवर एक वाफेचं इंजिन घेतलं, त्याला 'द मिरॅकल एक्सप्रेस' नाव रंगवलं, उघड्या डब्यावर चौघे वाद्यं घेऊन उभे आणि गाडी थर्माकोलसारख्या कशाची तरी भिंत फोडून बाहेर येते. हे बघून दौंड-बारामतीची जुनी छोटी गाडी आठवली नाही, असं एकही माहेर आमच्यात नाही. त्या गाडीने काय काय फोडलं असेल ते असो, वेळापत्रक तर रोज फोडायची.

यावरून विषय निघाला आपल्याकडच्या शूटिंगचा, आणि इथे चर्चा खरी खमंग झाली. क्वीनचा पहिला गाजलेला व्हिडिओ 'बोहेमियन ऱ्हाप्सडी'चा, १९७५चा. तो पहिल्या कॅसेटवर आहे. चार-एक तासांत शूटिंग आटोपलं आणि खर्च साडेचार हजार पौंडांच्या आसपास. ते गाणं तरी कसलं! सुरुवातीला अंगाईसारखं हळवं, मध्ये ऑपेरा, त्यात गॅलिलिओही येतो आणि बिस्मिल्लाही, मग एकदम दणदणाट. मुख्याध्यापिकांना यात काही वावगं वाटलं नाही. त्या बारामतीच्या; मोरोपंतांच्या गावच्या. अठराव्या शतकात कऱ्हेकाठी बसून ज्या माणसाने एकशे आठ रामायणं लिहिली, त्यातलं एक ओठ ओठाला न लावता म्हणता यावं असं निरोष्ठ, एकात मंत्राची अक्षरं ओवलेली, त्याच्या गावकऱ्यांना कुणी रचनेचे चमत्कार दाखवू नयेत, असं त्यांचं मत. मला ते पटलं. निरोष्ठ रामायणाचा व्हिडिओ निघाला नाही, एवढंच आपलं कमनशीब.

तर चार तास आणि साडेचार हजार पौंड. आणि आपल्याकडे? अहो, नुसतं प्री-वेडिंग शूट दोन-दोन दिवस चालतं! उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ बाहेर येतं. पूर्वी लोक हात जोडायला जायचे. आता नवरानवरी गाऊन-गॉगल घालून पायऱ्यांवर उभी आणि डोक्यावर ड्रोन घोंघावतोय. भिगवणला रोहित पक्षी येतात थंडीत. मासेमाराची होडी भाड्याने घ्यायची, नवरी पुढे हात पसरून उभी, मागून नवरा कंबर धरून, आणि त्या बिचाऱ्या पक्ष्यांनी नेमकं त्याच क्षणी उडायचं. फोटोग्राफर ओरडतो, "दादा, जरा प्रेमाने बघा!" दादा अजून मुलीच्या वडिलांना घाबरतोय. रंगीत धूर सोडायचा, उसाच्या फडात पळायचं, स्लो मोशनमध्ये ओढणी उडवायची आणि हळदीच्या दिवशी ते सगळं मोठ्या स्क्रीनवर, आजेसासूच्या समोर. समाजाच्या बैठकांमधून प्री-वेडिंग बंद करा म्हणून ठराव होतात आणि ठराव मांडणाऱ्याच्या घरचं लग्न आलं की ड्रोनवाल्याला आगाऊ रक्कम जाते. मग सांगा, त्या मिशीवाल्याने काय घोडं मारलंय? त्याने निदान स्वतःची थट्टा तरी केली. आपला नवरदेव फडात पळताना इतका गंभीर असतो की ऊसतोडीची टोळी आली की काय असं वाटावं.

या दशकात त्यांचं 'स्कँडल' नावाचंही एक गाणं आहे, १९८९चं. वर्तमानपत्रवाले ब्रायनच्या आणि फ्रेडीच्या घरात डोकावत होते, त्याच्यावर. ते लागलं तेव्हा भिशीत क्षणभर कुणी कुणाकडे बघितलं नाही.

कारण शेवटची दोन-तीन वर्षं बघवत नाहीत. १९९१चं 'आय अॅम गोइंग स्लाइटली मॅड' काळ्यापांढऱ्यात आहे. चेहऱ्यावर पांढऱ्या रंगाचा जाड थर, डोक्यावर विस्कटलेला टोप, आजूबाजूला चक्क पेंग्विन. पहिल्यांदा हसलो. मग भाच्याने सांगितलं की तो रंग आजार झाकायला होता आणि अंगात कपड्यांखाली कपडे घातले होते ते खंगलेपण दिसू नये म्हणून. तिकडच्या पत्रकारांनी त्याच्या वजनाची चर्चा केली, दाराबाहेर कॅमेरे लावले. याने कामावर येणं सोडलं नाही. 'द शो मस्ट गो ऑन' ऑक्टोबर १९९१मध्ये आलं, तोवर कॅमेऱ्यापुढे उभं राहण्याची ताकद उरली नव्हती; म्हणून त्या व्हिडिओत जुनीच दृश्यं जोडलीत. त्यात स्कर्टवाला आहे, डोळेवाला आहे, सगळे आहेत. त्याच महिन्यात ही कॅसेट बाजारात आली. २३ नोव्हेंबरला त्याने एड्स असल्याचं जाहीर केलं आणि २४ नोव्हेंबर १९९१ला गेला. पंचेचाळीस वर्षांचा. आमच्या वहिनी म्हणाल्या, "चर्चा करणाऱ्यांची तोंडं कुणी धरायची?" म्हणाल्या आणि वड्यांची ताटली उगाच इकडून तिकडे सरकवली. मग अर्थातच कुणीतरी विषय बदलला, आणि बदलायचा तर स्कर्टचाच लावा म्हटलं.

त्या दिवशी निमगाव केतकीच्या मावशी आल्या होत्या. पानमळेवाल्या. वय पंचाहत्तरच्या पुढे, तोंडात विडा, इंग्रजी शून्य. आम्हाला धास्ती, आता काय म्हणतात! मावशींनी पूर्ण व्हिडिओ डोळ्याची पापणी न हलवता बघितला. जिना बघितला, स्वयंपाकघर बघितलं, स्कर्ट बघितला. मधला नाच चालू झाला तेव्हा त्यांनी सुपारी कातरून घेतली. शेवटी विडा गालात सारून म्हणाल्या:

"तुमी मगापासनं कपड्याचं काय काढलंय गं? आमच्या जत्रंत लुगडं नेसल्यालं बापये मी पोरगी असल्यापास्नं बघत्ये. पर ह्यो बाप्या घर झाडतोय! मिशी हाय, आन् झाडतोय! असा एक तरी दावा मला इंदापूर तालुक्यात."

कुणी काही बोलेना. प्रत्येकीने आपापलं घर मनात धुंडाळलं. बारामती तालुकाही धुंडाळला. एकीने क्षीण आवाजात सांगितलं की तिचे यजमान एकदा, २०२०च्या लॉकडाउनमध्ये, झाडू घेऊन उभे राहिले होते. पण चौकशीअंती निघालं की पाल मारायला.

तेव्हापासून आमच्या भिशीत या व्हिडिओचं वर्गीकरण बदललंय. आधी तो 'असभ्य' होता, आता 'अद्भुत' आहे. तो स्कर्ट, तो टोप, ते झुमके, हे सगळं आपल्या रंगभूमीने शंभर वर्षं पचवलंय, त्याचं कौतुक नाही. अमेरिकेने कशाला नाक मुरडलं तेही आता आमच्या लक्षात आलंय. तिथल्या नवऱ्यांना वेळीच धोका दिसला असणार. जिन्याखालचा तो क्लीनर दिसला की आता टाळ्या पडतात, शिट्टी एकच पडते, आणि ती मुख्याध्यापिकांची असते. संस्कृतीवाल्या काकांनाही एकदा मुद्दाम बोलावून दाखवला. काका शेवटपर्यंत मिशीकडेच बघत होते.

तर बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांतल्या समस्त मिशीवाल्यांना भिशीतर्फे जाहीर विनंती. दिवाळीची साफसफाई तोंडावर आलीय. माळ्यावरची जळमटं, पंख्यांची पाती, फ्रिजच्या मागची धूळ, सगळं तुमचीच वाट बघतंय. मिशी काढू नका. स्कर्टची सक्ती नाही.